वल्ही हवेत, होडी सुसाट

मुलांनो, आज घरातल्या मोठ्या माणसांना एक कोडं घाला. वल्हवायची होडी सगळ्यांत जोरात कधी पळते? वल्ही पाण्यात असतात तेव्हा, की पाण्याबाहेर हवेत असतात तेव्हा?

आई, बाबा, आजोबा, सगळे एका सुरात सांगतील, “पाण्यात असताना! यात विचारायचं काय?” उत्तर पटण्यासारखंच आहे. माणूस दात-ओठ खाऊन वल्हं ओढतो, तेव्हाच होडी जोरात जाणार ना? पण शर्यतीच्या होडीवर वेग मोजायचं यंत्र बसवलं, तर ते वेगळंच सांगतं. होडीचा वेग सर्वांत जास्त असतो तो वल्ही हवेत असताना. आणि सर्वांत कमी असतो तो वल्ही नुकतीच पाण्यात शिरल्यावर!

हे असं का होतं ते आपण आज शोधू या. सोबतीला एक माणूस घेऊ. त्याच्या गावात पाण्याची कायमची टंचाई, आणि तो मात्र पाण्यावरच्या शर्यतीसाठी थेट ऑलिंपिकला गेला. त्याचं नाव दत्तू बबन भोकनळ. होडी वल्हवायला तो शिकला कुठे, ठाऊक आहे? कोकणात नाही, गोव्यात नाही. दापोडीला!

हो, आपलंच दापोडी. पिंपरीहून मेट्रोने पुण्याकडे निघालं की संत तुकारामनगर, नाशिक फाटा, कासारवाडी, फुगेवाडी आणि मग दापोडी. आजूबाजूला सगळा कारखान्यांचा मुलूख. एकीकडे भोसरीची एमआयडीसी, त्यापलीकडे चाकण. आणि या सगळ्याच्या मधोमध जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून सैन्याची मोठी हद्द आहे. ती कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगची. सगळे तिला सीएमई म्हणतात. सैन्यातले इंजिनिअर तिथे शिकतात. वाटेत नदी आडवी आली तर सैन्य पलीकडे कसं न्यायचं, तरंगता पूल कसा टाकायचा, हे त्यांच्या कामातलंच. त्यामुळे पाण्याशी या मंडळींची जुनी ओळख. सीएमईच्या आवारात रोइंगसाठी, म्हणजे वल्हवण्याच्या शर्यतींसाठी, लांबच लांब सरळ पाण्याचा पट्टा आहे आणि तिथेच सैन्याचं रोइंगचं केंद्र आहे, आर्मी रोइंग नोड. देशातले कितीतरी चांगले रोइंगपटू इथे घडले. लष्कराची जागा असल्यामुळे तुम्हाआम्हाला सहज आत जाता येत नाही, पण मेट्रोतून जाताना एवढं लक्षात असू द्या, की त्या हद्दीत कुणीतरी पहाटेपासून पाणी कापत असेल.

आता दत्तूच्या गावाला जाऊ. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही. तिथे पाऊस कमी का पडतो, हे तुम्ही भूगोलात वाचलं असेल. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, वर गेले की थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तोच वारा सह्याद्री ओलांडून पूर्वेला उतरतो तोवर त्याच्याकडे द्यायला फारसं काही उरलेलं नसतं. चांदवड या पर्जन्यछायेत येतं. गंमत बघा, दापोडीजवळ मुळा आणि पवना या नद्यांचा संगम आहे. त्या दोघी येतात घाटमाथ्याकडून, म्हणजे ढग रिते होतात तिथूनच. एकच सह्याद्री. इथे नद्या भरून देतो आणि तिकडे लोकांना खोल विहिरी खणायला लावतो.

दत्तूचे वडील विहिरी खणायचे. दत्तूही शाळेत असल्यापासून त्यांच्याबरोबर या कामाला जायचा. विहीर खणणं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पहारीने दगड उचकटायचा, पाट्या भरायच्या, वर ओढायच्या. २०११ साली वडील गेले. घरची जबाबदारी दत्तूवर आली. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्यातल्या इंजिनिअरांच्या दलात. खडकी मुळा नदीच्या एका काठाला आणि सीएमई दुसऱ्या काठाला. दत्तू होता सहा फुटांहून उंच. अशी उंची रोइंगच्या प्रशिक्षकांच्या नजरेतून सुटत नाही. कुदरत अली या प्रशिक्षकांनी त्याला होडीत बसवलं.

आणि दत्तूला पाण्याची भीती वाटायची! मला यात नवल वाटत नाही. ज्याने पाणी पाहिलं ते विहिरीच्या तळाशी, घागरीत, टँकरमध्ये, त्याला एकदम चहूकडे पाणी आणि मध्ये आपण, हे कसं वाटलं असेल?

त्यात ती होडी! सिंगल स्कल म्हणतात तिला, एकट्याने दोन वल्ह्यांनी वल्हवायची. लांबी सुमारे ८.२ मीटर, आणि पाण्याच्या पातळीवर रुंदी ३० सेंटीमीटरहूनही कमी. पट्टी घेऊन जमिनीवर ३० सेंटीमीटर मोजा आणि त्यात बसून बघा. नियमाप्रमाणे तिचं वजन कमीत कमी १४ किलो असावं लागतं. होड्या बनवणारे त्या १४ किलोंच्या अगदी जवळ पोचतात, कारण होडी कार्बन फायबरची असते. हलकी आणि ताठ. ८० किलोचा माणूस १४ किलोच्या होडीत! माणूस होडीच्या पाचपटीहून जड. हा आकडा विसरू नका, आपलं कोडं त्यानेच सुटणार आहे.

इतकी अरुंद होडी स्वतःहून उभीसुद्धा राहत नाही. वल्ही हातातून सोडली की ती कलते आणि माणूस पाण्यात. दोन्ही बाजूंना पसरलेली वल्ही हाच तिचा तोल. म्हणून नवख्याने पहिली गोष्ट शिकायची ती म्हणजे काहीही झालं तरी मुठी सोडायच्या नाहीत. मग इतकी अरुंद करायची कशाला? कारण पाणी होडीला धरून ठेवतं. होडीच्या अंगाला घासणारं पाणी तिच्याबरोबर ओढलं जातं आणि त्यात तिची शक्ती जाते. शर्यतीच्या होडीला पाण्याचा जो विरोध होतो, त्यातला सुमारे ८० टक्के या घासण्याचाच असतो. बाकीचा बराचसा लाटा उठवण्यात जातो. लांब आणि निमुळती होडी लाटा कमी उठवते.

रोइंगपटू बसतो तो पाठ पुढे करून. जायचंय त्या दिशेला पाठ, आणि डोळे मागे सुटलेल्या पाण्याकडे. असं का? कारण माणसाच्या अंगातले सर्वांत ताकदवान स्नायू आहेत मांड्यांचे आणि पाठीचे. पाय रोवून ओढताना ते सगळे एकदम कामाला लागतात. शिवाय यात एक फायदा आहे. जो पुढे असतो त्याला मागचे सगळे दिसतात. जो मागे असतो त्याला पुढचा दिसतच नाही, मान वळवल्याशिवाय! धावण्याच्या शर्यतीत नेमकं याच्या उलट असतं.

होडीत बसायची जागा चाकांवर असते. दोन रुळांवरून ती पुढेमागे घरंगळते. पाय मात्र होडीला पक्के बसवलेल्या बुटांत अडकवलेले. गुडघे दुमडून होडीच्या मागच्या टोकाकडे यायचं, वल्ह्यांची पाती पाण्यात सोडायची, मग पायांनी जोरात ढकलत पुढच्या टोकाकडे सरकायचं, शेवटी पाठ आणि हात. हाताचं काम सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी. बघणाऱ्याला वाटतं हा हातांचा खेळ आहे. खरा तो पायांचा आहे.

आता वल्हं. ते सुमारे २ मीटर ८८ सेंटीमीटर लांब असतं. होडीच्या बाजूला एक कडी असते, त्यात ते अडकवलेलं असतं. कडीच्या आतला, हातातला भाग साधारण ८८ सेंटीमीटर आणि बाहेरचा, पाण्याकडचा भाग २ मीटर. विज्ञानाच्या पुस्तकातली तरफ आठवली? दत्तूने लहानपणी हाताळलेली पहारसुद्धा तरफच. पण पहारीने दगड उचकटताना लांब बाजू आपल्या हातात असते आणि आखूड बाजू दगडाखाली. आपण थोडा जोर लावतो, दगडाला तो कितीतरी पटीने मिळतो, आणि दगड अगदी थोडासा हलतो. वल्ह्याचं बरोब्बर उलटं. आखूड बाजू हातात, लांब बाजू पाण्यात. जोर जास्त लावावा लागतो, पण हात एक मीटर सरकला तर पातं सव्वादोन मीटर सरकतं. पहार जोर वाढवते, वल्हं अंतर वाढवतं. विहिरीवरून होडीत आलेल्या मुलाला ही तरफ उलटी करून शिकावी लागली.

आणि पातं पाण्यातून मागे सरकतं असं आपल्याला होडीतून वाटतं. काठावर उभं राहून नीट पाहिलं तर दिसतं, की पातं पाण्यात जवळजवळ एकाच जागी रुतून बसलंय आणि होडीच त्याच्या पुढे निघून चालली आहे. चांगल्या रोइंगपटूचं पातं फारसं पाणी उडवत नाही. फसफस, शिंतोडे, खळबळ म्हणजे ताकद वाया. मला या खेळातलं सगळ्यांत सुंदर काही वाटत असेल तर हेच, की उत्तम वल्हवणारा पाण्याला कमीत कमी त्रास देतो.

आता कोडं सोडवू. त्यासाठी एक प्रयोग करा. चाकांची खुर्ची असेल तर गुळगुळीत फरशीवर न्या. खुर्चीत बसा, भरलेलं दप्तर दोन्ही हातांनी छातीशी धरा, पाय जमिनीवरून उचला. आता दप्तर झटकन समोर ढकला, पण हातातून सोडू नका. खुर्ची मागे सरकेल. दप्तर एका दिशेला गेलं, तुम्ही दुसऱ्या दिशेला. न्यूटनने सांगितलेला तिसरा नियम तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या बघितलात. दप्तर जितकं जड, तितकी खुर्ची जास्त सरकते.

होडीतही असंच होतं. वल्ह्यांची ओढ संपली, पाती वर आली. आता रोइंगपटूला पुन्हा पुढच्या ओढीसाठी तयार व्हायचंय, म्हणून तो गुडघे दुमडत होडीच्या मागच्या टोकाकडे सरकतो. सरकतो कशाच्या जोरावर? बुटांत अडकलेल्या पायांनी तो स्वतःला ओढून घेतो. म्हणजे पायांनी होडीला उलट्या दिशेने, पुढे, खेचतो! ८० किलोचा माणूस मागच्या टोकाकडे सरकला, तर १४ किलोची होडी पुढे झेपावणारच. आणि या वेळी वल्ही कुठे असतात? हवेत. सुटलं कोडं!

पुढच्याच क्षणी तो थांबतो, पाती पाण्यात सोडतो आणि पाय रोवून ढकलतो. हा जोर आधी होडीला मागे रेटतो. म्हणून होडीचा वेग तिथे सर्वांत कमी. मग वल्ह्यांची ओढ लागू होते आणि पुन्हा वेग वाढत जातो. टीव्हीवर किंवा मोबाइलवर रोइंगची शर्यत लागली तर बाजूने घेतलेलं दृश्य शोधा आणि होडीच्या टोकाकडे बघत राहा. ते एकसारखं जात नाही. झेपावतं, रेंगाळतं, झेपावतं, रेंगाळतं.

हे रेंगाळणं जितकं कमी तितकं चांगलं, कारण जास्त वेगाला पाणी जास्त शिक्षा करतं. वेग दुप्पट झाला तर पाण्याचा विरोध चौपट होतो. आणि तो विरोध दुप्पट वेगाने ढकलायचा म्हणून शक्ती लागते आठपट! हा नियम चाकणच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या मोटारींनाही सुटत नाही. तिथे पाण्याऐवजी हवा असते इतकंच. म्हणून मोटारीचा आकार ठरवणारे इंजिनिअर पुढची काच किती तिरकी, आरसे कसे गोल, यावर इतका विचार करतात. रोइंगमध्ये याचा अर्थ असा, की वल्ही हवेत असताना घाईघाईने मागच्या टोकाकडे सरकायचं नाही. घाई केली की होडी एकदम जास्त झेपावते, मग एकदम जास्त रेंगाळते, आणि त्या चढउतारात ताकद जाते. जोर लावायला सगळेच शिकतात. जोर लावून झाल्यावर शांतपणे, हलक्या हाताने परत यायला शिकायला वर्षं लागतात.

दत्तू ते फार लवकर शिकला. २०१२ मध्ये भरती झालेला हा मुलगा २०१४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. २०१५ मध्ये बीजिंगच्या आशियाई रोइंग स्पर्धेत सिंगल स्कलमध्ये रौप्य. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगजू इथे ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा होती. तिथे तो दुसरा आला आणि रिओचं तिकीट मिळालं. त्या ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेला तो एकटा भारतीय रोइंगपटू. घरी आई मात्र अपघातात डोक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेली होती. मुलगा कुठे पोचलाय, हे तिला समजण्यासारखी तिची अवस्था नव्हती. हे मनात ठेवून दत्तू ब्राझीलला गेला.

रिओमध्ये रोइंगच्या शर्यती लगोआ रॉड्रिगो दी फ्रेतास नावाच्या सरोवरावर झाल्या. सगळीकडे डोंगर, एका डोंगरावर येशू ख्रिस्ताचा तो हात पसरलेला मोठा पुतळा. सुंदर जागा, पण ६ ऑगस्टला, पहिल्याच दिवशी, वारा असा सुटला की पाणी उसळायला लागलं. सर्बियाच्या जोडीची होडी चक्क उलटली. ऑलिंपिकमध्ये! दुसऱ्या दिवशीच्या तर सगळ्या शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या.

त्या पहिल्या दिवशी दत्तूची पहिली फेरी होती. त्याने २००० मीटर अंतर ७ मिनिटे २१.६७ सेकंदांत कापलं, तिसरा आला आणि उपउपांत्य फेरीत पोचला. त्याच सरोवरावर, तोच दत्तू, आठवडाभराने शेवटची शर्यत वल्हवत होता, तेव्हा वेळ लागली ६ मिनिटे ५४.९६ सेकंद. जवळजवळ २७ सेकंद कमी! पहिल्या दिवशीचा दत्तू आणि शेवटच्या दिवशीचा दत्तू एकाच वेळी शेजारी शेजारी निघाले असते, तर एक जण अंतिम रेषेवर पोचला तेव्हा दुसरा सुमारे १२० मीटर मागे राहिला असता.

आठवड्यात त्याची ताकद काही इतकी वाढली नव्हती. फरक होता वाऱ्याचा आणि पाण्याचा. समोरून वारा आला की माणसाच्या अंगावर, होडीवर, हवेत फिरणाऱ्या पात्यांवर आदळतो. मागून आला की ढकलतो. लाटा उसळल्या की पाती नीट रुतत नाहीत. म्हणून रोइंगमध्ये ‘विश्वविक्रम’ म्हणत नाहीत, ‘जगातली सर्वोत्तम वेळ’ म्हणतात. आजच्या वाऱ्यात काढलेली वेळ कालच्या वाऱ्यातल्या वेळेशी पडताळायची नाही. मला हे फार प्रामाणिक वाटतं. इथे माणसाच्या वेळेत वाऱ्याचाही वाटा असतो आणि तो उघडपणे मान्य केला जातो.

शिडाच्या होडीची गोष्ट वेगळी. तिला वारा हवाच असतो. वारा पडला तर तिची शर्यत थांबवावी लागते. सैन्याचं शिडाच्या होड्यांचं केंद्र आहे मुंबईत, समुद्राकाठी. तिथला विष्णू सरवणन टोकियो आणि पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये शिडाची होडी घेऊन उतरला. वल्हवणाऱ्यांना मात्र सपाट, शांत पाणी हवं असतं, आणि ते समुद्रापासून दूर दापोडीला मिळतं.

रिओत दत्तूचा शेवटी कितवा क्रमांक आला? तेरावा. पण त्याने ती शेवटची शर्यत जिंकली होती! हे कसं? एकूण ३२ जण होते. एका शर्यतीत सहा जण उतरतात. उपउपांत्य फेरीत प्रत्येक शर्यतीतले पहिले तीन पुढे जाणार होते आणि दत्तू चौथा आला. एका जागेने हुकलं. मग पहिल्या बारा जागा ठरवायच्या दोन अंतिम शर्यतींत त्याला जागा उरली नाही. तेरा ते अठरा या जागांसाठी तिसरी अंतिम शर्यत असते. ती त्याने जिंकली, म्हणजे तेरावा. त्याआधी ऑलिंपिकच्या रोइंगमध्ये एकही भारतीय इतका वर पोचला नव्हता. आणि हा माणूस होडीत बसायला लागून पुरती चार वर्षंही झाली नव्हती.

त्याच दिवशी सुवर्णपदकाची शर्यत झाली तीही ऐका. न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन. दोघांची वेळ ६ मिनिटे ४१.३४ सेकंद. दोघांची! सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत सारखी. शर्यतीच्या प्रत्येक होडीच्या टोकाला रबराचा छोटा चेंडू असतो. धडक झाली तर टोकदार नाक कुणाला लागू नये म्हणून तो लावतात. अंतिम रेषेला कोण आधी पोचलं हे या चेंडूवरूनच ठरतं. छायाचित्र मोठं करून पाहिलं तेव्हा ड्रायस्डेलचा चेंडू किंचित पुढे दिसला.

आता गणिताची वही काढा. दत्तूची वेळ ४१४.९६ सेकंद, ड्रायस्डेलची ४०१.३४. फरक साडेतेरा सेकंदांहून थोडा जास्त. शर्यती वेगळ्या, वारा वेगळा, त्यामुळे हा हिशेब अंदाजाचाच. पण करून बघू. ड्रायस्डेलचा वेग दत्तूपेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आत जास्त होता. साडेतीन टक्के म्हणजे किती थोडं! पण शक्तीचा नियम आठवा. वेग दुप्पट तर शक्ती आठपट, म्हणजे वेगाचा घन. साडेतीन टक्के वेग वाढवायचा तर शक्ती दहा टक्क्यांहून जास्त वाढवावी लागते. आधीच छाती फुटेस्तोवर वल्हवणाऱ्या माणसाला सांगायचं, अजून एक दशांश जोर आण! सात मिनिटांत मिनिटाला साधारण ३४ ओढी धरल्या तर २३५ च्या आसपास ओढी होतात. भागाकार केला तर एका ओढीत होडी साडेआठ मीटर जाते. म्हणजे प्रत्येक ओढीला होडी स्वतःच्या लांबीहून किंचित जास्त सरकते. त्यातली एखादी ओढ जरी फसली तरी फसलेली ती लांबी परत मिळत नाही.

हाच घनाचा नियम आणखी एक कोडं सोडवतो. चार माणसं एका होडीत बसली, प्रत्येकाकडे दोन वल्ही, तर होडी एकट्याच्या चौपट वेगाने जाईल का? मुळीच नाही. रिओत जर्मनीच्या चौघांनी सुवर्ण जिंकलं ते ६ मिनिटे ६.८१ सेकंदांत. एकट्या ड्रायस्डेलपेक्षा फक्त ३५ सेकंदांनी लवकर. चौपट ताकदीतली बरीचशी पाणी आणि हवा खाऊन टाकतात. चौघांची होडी मोठी, पाण्याला घासणारं अंगही मोठं.

चौघांच्या होडीत खरी कसोटी असते ती सरकण्याची. आठवतंय ना, माणूस मागे सरकला की होडी पुढे झेपावते? आता चार जण आहेत. एकाने क्षणभर आधी सरकायला सुरुवात केली, तर तो होडीला पुढे खेचतोय आणि बाकीचे तिघे अजून तिला मागे रेटतायत. चौघांची भांडणं पायांतून होडीला कळतात. म्हणून चौघांनी एकत्र श्वास घ्यायचा, एकत्र गुडघे दुमडायचे, एकत्र पाती सोडायची. बोलायला वेळ नसतो. पुढच्याच्या पाठीकडे बघायचं आणि होडी काय सांगतेय ते बुडाखालून ऐकायचं.

२०१८ साली इंडोनेशियात आशियाई खेळ झाले. रोइंग होतं पालेम्बांग शहरात. २३ ऑगस्टला दत्तूची सिंगल स्कलची अंतिम शर्यत होती आणि तो आजारी होता. आजारी शरीराला दहा टक्के काय, नेहमीची शक्तीही आणता येत नाही. तो सर्वांत शेवटी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांची शर्यत. स्वर्ण सिंग, दत्तू भोकनळ, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग. काल सगळ्यांच्या मागे राहिलेला माणूस आज या होडीत बसणार होता, आणि चौघांच्या होडीत एक जण कमी पडला तर चौघेही कमी पडतात.

चौघे निघाले आणि ६ मिनिटे १७.१३ सेकंदांनी पहिले पोचले. सुवर्णपदक! इंडोनेशिया दुसरं, थायलंड तिसरं. आशियाई खेळांत रोइंगमधलं भारताचं पहिलं सुवर्ण बजरंगलाल ताखर यांनी २०१० मध्ये ग्वांगझूला एकट्याने जिंकलं होतं. हे दुसरं, आणि चौघांनी मिळून जिंकलेलं पहिलं. आदल्या दिवशी जे एकट्याच्या होडीत जमलं नाही ते दुसऱ्या दिवशी चौघांच्या होडीत कसं जमलं? औषध, विश्रांती, जिद्द, हे सगळं असेलच. पण मला वाटतं, बाकीच्या तिघांच्या लयीत स्वतःला सोडून देणं, हे दत्तूला त्या सकाळी साधलं. २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

आणि तो तेरावा क्रमांक? तो फार दिवस टिकला नाही, ही आनंदाची गोष्ट. टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं. हलक्या वजनाच्या गटात दोघांच्या होडीत अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग उतरले. दोघेही सैन्यातले, दोघेही पुण्याच्या याच आर्मी रोइंग नोडमध्ये तयार झालेले. ते अकरावे आले.